कन्सल्टिंगमधला पहिला प्रोजेक्ट: काम घेण्यापासून सोपवण्यापर्यंतचा क्रम

कन्सल्टिंगमध्ये नव्याने आलेल्यांचं काम बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे अडतं. मॅनेजरने दोन वाक्यांत काम सांगितलं की लगेच लॅपटॉप उघडायचा, हाताला लागेल तो डेटा ओढायचा, रात्री उशिरापर्यंत तक्ते करत बसायचं आणि सकाळी ऐकायचं, ‘अरे, पण हे मागितलंच नव्हतं.’ मेहनत खरी असते, तरी ती वाया जाते. तीही पहिल्याच महिन्यात, जेव्हा तुमच्यावर किती विसंबायचं हे टीम ठरवत असते.

म्हणून इथे फक्त क्रम मांडला आहे. तुम्ही स्ट्रॅटेजीत असा, सॉफ्टवेअर अंमलबजावणीत असा किंवा करसल्ल्यात, साधनं बदलतील. क्रम फारसा बदलत नाही.

## टप्पा १: कामाआधी बंधनं समजून घ्या

पहिल्या आठवड्यात ढीगभर फॉर्म येतात आणि सगळे न वाचता सही करून मोकळे होतात. त्यातले दोन नीट वाचाच: गोपनीयतेचा करार आणि गुंतवणुकीची माहिती. अनेक फर्ममध्ये, विशेषतः जिथे ऑडिटचाही व्यवसाय आहे तिथे, तुमच्या आणि जवळच्या कुटुंबीयांच्या नावावरचे शेअर जाहीर करावे लागतात. काही शेअर विकावेही लागतात. क्लायंटची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर कामात कळलेल्या अप्रकाशित माहितीवर व्यवहार करणं किंवा ती कुणाच्या कानावर घालणं हा बहुतेक देशांत गुन्हा आहे. मॅकिन्झीचे माजी प्रमुख रजत गुप्ता यांना गोल्डमन सॅक्सच्या संचालक मंडळातली माहिती बाहेर दिल्याबद्दल २०१२ मध्ये दोन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. इतक्या वर पोचलेल्या माणसालाही यात सूट मिळाली नाही.

रोजच्या वागण्यातली पथ्यं साधी आहेत. लिफ्टमध्ये, ट्रेनमध्ये, टॅक्सीत क्लायंटचं नाव घ्यायचं नाही. फाइल स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवायची नाही, ‘घरी बसून करतो’ म्हणूनसुद्धा नाही. क्लायंटचा डेटा फर्मने परवानगी न दिलेल्या एआय टूलमध्ये चिकटवायचा नाही. एका क्लायंटची फाइल दुसऱ्याकडे नमुना म्हणून न्यायची नाही.

तपासा: कुठली फाइल कुठे ठेवायची आणि शंका आली तर कुणाला विचारायचं, हे तुम्हाला नावानिशी सांगता येतं का?

## टप्पा २: प्रपोजल आणि करार वाचा

प्रोजेक्टवर नाव लागलं की मॅनेजरकडे प्रपोजल (काम मिळवताना क्लायंटला दिलेला प्रस्ताव) आणि क्लायंटशी झालेला कामाचा करार मागा. शोधायच्या गोष्टी: स्कोपमध्ये, म्हणजे ठरलेल्या कामाच्या व्याप्तीत काय आहे, स्कोपबाहेर काय ठेवलं आहे, कोणत्या तारखेला काय द्यायचं आहे, आणि काम पूर्ण झालं असं क्लायंटकडून कोण म्हणणार आहे.

मग एका कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा: ‘हे काम झाल्यावर अमुक व्यक्ती अमुक तारखेपर्यंत अमुक निर्णय घेणार आहे.’ वाक्य पूर्ण होत नसेल तर मॅनेजरला विचारा. पुढचा प्रत्येक तक्ता याच वाक्याशी ताडून बघायचा आहे. निर्णयाला उपयोग नसलेला तक्ता कितीही देखणा असला तरी गाळायचा.

सावधान: क्लायंटच्या ऑफिसात कुणीतरी प्रेमाने म्हणेल, ‘तेवढं आमच्या दुसऱ्या विभागाचंही बघून द्याल का?’ जागच्या जागी होकार देऊ नका, नकारही देऊ नका. ‘मॅनेजरांशी बोलून उद्या सांगतो’ म्हणा, आणि खरंच उद्या सांगा.

## टप्पा ३: काम घेताना प्रश्न विचारा

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा थांबून बघू. मॅनेजर घाईत म्हणतात, ‘वितरकांच्या मार्जिनचं जरा बघ. गुरुवारपर्यंत दे.’

या वाक्यात काय काय राहिलं आहे? मार्जिन म्हणजे कशावर काढलेलं? वितरकाने १०० ला घेतलेली वस्तू १२५ ला विकली, तर खरेदी किमतीवर ते २५ टक्के आहे आणि विक्री किमतीवर २० टक्के. सवलती आणि वर्षअखेरचे बोनस धरायचे की वगळायचे? सगळे वितरक की मोठे तेवढेच? एक वर्ष की तीन? हवं आहे ते ईमेलमधलं दोन ओळींचं उत्तर, एक्सेल की स्लाइड? ढोबळ आकडा चालेल की पैशापर्यंत जुळलेला हवा? गुरुवार म्हणजे सकाळची मीटिंग की रात्र? आणि यावर आधी कुणी काही केलं आहे का?

हे सगळं विचारायला पाच मिनिटं पुरतात. नवीन माणसाला वाटतं, इतके प्रश्न विचारले तर आपल्याला काही येत नाही असं दिसेल. मॅनेजरच्या बाजूने चित्र वेगळं असतं. मान डोलावून निघून गेलेल्या माणसाचीच त्यांना जास्त काळजी वाटते.

जागेवर आल्यावर लगेच एक छोटा मेसेज पाठवा. उदाहरणार्थ: ‘मी समजलो ते असं. गेल्या दोन आर्थिक वर्षांचं, पहिल्या ५० वितरकांचं, सवलती वजा करून विक्री किमतीवरचं मार्जिन. एक स्लाइड आणि मागे एक्सेल. उद्या दुपारी कच्चा सांगाडा दाखवतो, अंतिम गुरुवारी सकाळी १० पर्यंत. काही चुकत असेल तर सांगा.’ समजण्यात चूक झाली असेल तर ती इथेच, एका मेसेजमध्ये सुटते.

तपासा: काम साधारण पाव भाग झालं की दाखवायची वेळ आधीच ठरली आहे का? काम पूर्ण झाल्यावरच दाखवायची सवय कॉलेजातून येते. ती इथे पहिल्या दिवसापासून सोडायला हवी.

## टप्पा ४: प्रश्न फोडा आणि तात्पुरतं उत्तर लिहा

‘नफा का घटला?’ हा प्रश्न एका घासात उत्तर देण्याजोगा नाही. त्याचे तुकडे करा. नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च. उत्पन्न म्हणजे किती विकलं आणि किती दराने विकलं. खर्चाचे स्थिर आणि बदलते असे दोन भाग. प्रत्येक फांदी आणखी फोडत जा.

कन्सल्टिंगमध्ये सतत कानावर पडणारा शब्द आहे ‘मीसी’. त्याच्या कसोट्या दोनच: फांद्या एकमेकींवर चढत नाहीत ना, आणि सगळ्या मिळून मूळ प्रश्न पूर्ण झाकला जातो ना. ग्राहकांची विभागणी ‘तरुण, शहरी, नियमित’ अशी केली तर एकच माणूस तिन्हीत बसतो आणि खेड्यातला वयस्कर नवा ग्राहक कुठेच बसत नाही. म्हणजे दोन्ही कसोट्या एकदम फसल्या.

मग आजच्या माहितीवर उत्तराचा अंदाज लिहून काढा. तो खोटा ठरू शकेल असा हवा. ‘खर्चात सुधारणेला वाव आहे’ हे कधीच खोटं ठरणार नाही, म्हणून त्याचा उपयोगही नाही. ‘नफ्यातली बहुतेक घट वाढलेल्या सवलतींमुळे आहे, कच्च्या मालामुळे नाही’ हे तपासता येतं.

सावधान: अंदाजाशेजारीच लिहा की कोणता आकडा दिसला तर तो सोडून द्यायचा. आधी लिहिलं नाही, तर पुढे प्रत्येक आकडा आपल्याच बाजूने बोलतोय असं वाटायला लागतं.

## टप्पा ५: डेटाच्या आधी कोरा डेक

डेक म्हणजे क्लायंटला दाखवायच्या स्लाइडचा संच. हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात. कागदावर पाच-सात चौकटी काढा. प्रत्येकीत वर एक वाक्य, खाली रिकामा आलेख: आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय. आकडे नाहीत. हा कागद मॅनेजरला दाखवा. ‘तिसरी नको, पाचवीत प्रदेशनिहाय हवं’ असा बदल आत्ता पेन्सिलने होतो. आलेख भरून झाल्यावर तोच बदल पूर्ण संध्याकाळ खातो. शिवाय कोणता डेटा मागायचा याची यादी या चौकटींतून आपोआप तयार होते.

## टप्पा ६: डेटा मागा, पण एकदाच

क्लायंटकडचा जो माणूस डेटा देणार आहे, त्याला स्वतःचं रोजचं काम आहे. त्याला आठवड्यात सात ईमेल गेले की तो उत्तर द्यायचं थांबवतो. सगळी मागणी एका यादीत, एका व्यक्तीकडे, प्राधान्यक्रम लावून पाठवा. प्रत्येक ओळीत कोणते रकाने, कोणता काळ, किती बारकाईने, कधीपर्यंत आणि कशासाठी हवं ते लिहा. ‘कशासाठी’ कळलं की समोरचा माणूस अनेकदा तुम्हाला ठाऊक नसलेला अधिक चांगला रिपोर्ट सुचवतो.

जे वार्षिक अहवालात किंवा वेबसाइटवर छापलेलं आहे ते मागू नका. तुम्ही साधी तयारी करून आला नाहीत हे त्यातून लगेच कळतं.

## टप्पा ७: आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी

फाइल आली की मूळ प्रत तशीच बाजूला ठेवा आणि काम दुसऱ्या प्रतीवर करा. मग विश्लेषणाला हात लावण्यापूर्वी हे बघा.

ओळी मोजा. पाठवणाऱ्याने सांगितलेल्या आणि तुमच्याकडे दिसणाऱ्या ओळी सारख्या आहेत का? २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळपास १६ हजार रुग्णांची नोंद रोजच्या आकडेवारीतून सुटली होती. एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत आणि उरलेल्या ओळी गळून पडल्या होत्या. नव्या प्रकारातही १०,४८,५७६ ओळींची मर्यादा आहेच.

बेरीज छापील हिशेबाशी जुळवा. विक्रीच्या फाइलची बेरीज कंपनीच्या छापील हिशेबातल्या विक्रीशी जुळते का? फरक असेल तर कारण शोधा: कर, परतावे, कंपनीतल्या कंपनीत झालेली विक्री. कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

तारखा आणि एकक बघा. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? आकडे हजारांत, लाखांत की मिलियनमध्ये? एकाच फाइलच्या दोन पानांवर दोन एककं असणं अजिबात दुर्मिळ नाही.

मजकूर म्हणून साठवलेले आकडे शोधा. असे आकडे सेलमध्ये दिसतात, पण एक्सेलचं बेरजेचं सूत्र ‘सम’ त्यांना धरतच नाही आणि एररही देत नाही.

व्हीलुकअप, म्हणजे एका तक्त्यातली माहिती दुसऱ्यात शोधून आणणारं एक्सेलचं सूत्र, वापरलं असेल तर त्याचा चौथा भाग लिहिलाय का ते बघा. तो लिहिलाच नाही तर एक्सेल जवळपासची जुळणी धरतं. चुकीच्या वितरकासमोर अगदी खरा वाटणारा आकडा येतो, आणि एरर दिसत नसल्यामुळे संशयही येत नाही. चौथ्या जागी ‘फॉल्स’ लिहा किंवा एक्सलुकअप वापरा, त्यात अचूक जुळणी आपसूक धरली जाते.

सरासरींची सरासरी काढू नका. एका दुकानाची विक्री १०० आणि मार्जिन ४० टक्के, दुसऱ्याची विक्री ९०० आणि मार्जिन १० टक्के. सरळ सरासरी २५ टक्के येते. खरं मार्जिन १,००० वर १३०, म्हणजे १३ टक्के.

टक्के आणि टक्केबिंदू वेगळे ठेवा. १० टक्क्यांवरून १२ टक्के म्हणजे २ टक्केबिंदूंची वाढ, पण मूळच्या तुलनेत २० टक्क्यांची.

सूत्राची रेंज, म्हणजे त्यात धरलेल्या ओळी, शेवटपर्यंत पोचली का ते बघा. अर्थशास्त्रज्ञ राइनहार्ट आणि रोगॉफ यांच्या २०१० च्या सरकारी कर्जावरच्या गाजलेल्या निबंधात सरासरीच्या सूत्राची रेंज पाच ओळी आधीच थांबली होती आणि पाच देश गणनेतून सुटले होते. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ एक्सेल मागून घेतलं, तेव्हा ही आणि इतर त्रुटी समोर आल्या. इतक्या नावाजलेल्या लोकांच्या फाइलमध्ये हे होऊ शकतं, तर रात्री अकराला केलेल्या तुमच्या फाइलमध्येही होऊ शकतं.

तपासा: अंतिम आकडा दुसऱ्या वाटेने, कागदावर, ढोबळ काढून बघा. मॉडेल ४८ म्हणतंय आणि ढोबळ हिशेब ५०, तर ठीक. ढोबळ हिशेब ५ म्हणत असेल तर कुठेतरी शून्य सरकलं आहे.

## टप्पा ८: माणसांशी बोला

आकडे काय झालं ते दाखवतात. का झालं ते बहुधा गोदामातला किंवा विक्री विभागातला माणूस सांगतो. शक्यतो दोघे जा: एकाने बोलायचं, एकाने लिहायचं. विषय आदल्या दिवशी कळवा.

‘तुमच्याकडे सवलतींची प्रक्रिया कशी आहे?’ असं विचारलं की नियमावलीतलं उत्तर मिळतं. ‘तुम्ही शेवटची सवलत कुणाला दिली? ती कशी ठरली, मंजुरी कुणी दिली?’ असं विचारलं की खरी गोष्ट बाहेर येते. टिपणं त्याच दिवशी स्वच्छ करा आणि समोरच्याने पाहिलेलं, ऐकलेलं आणि त्याला वाटणारं असे तीन भाग वेगळे ठेवा.

सावधान: एकाचं म्हणणं दुसऱ्याला सांगू नका आणि नावासकट डेकमध्ये टाकू नका. कन्सल्टंट आले की नोकऱ्या जातील अशी भीती समोरच्या माणसाला असू शकते, आणि ती अनाठायी नसते. त्याला खोटा दिलासा देऊ नका. ‘तो निर्णय आमच्याकडे नाही’ इतकं खरं बोला, आणि त्याचा वेळ आदराने वापरा.

## टप्पा ९: स्लाइड लिहा

शीर्षक पूर्ण वाक्य असावं आणि त्यात निष्कर्ष असावा. ‘प्रदेशनिहाय सवलती’ हे नुसतं लेबल झालं. ‘सवलतींतली निम्म्याहून अधिक वाढ एकट्या उत्तर विभागातून आली’ हे शीर्षक. डेक झाल्यावर फक्त शीर्षकं ओळीने मोठ्याने वाचा. सलग गोष्ट लागत नसेल तर दुरुस्ती क्रमात करायची आहे, रंगसंगतीत नाही. एका स्लाइडवर एकच मुद्दा, आणि खाली स्रोत, काळ, एकक. एवढं पुरे.

## टप्पा १०: सोपवण्याआधीची तपासणी

थकलेल्या डोळ्यांना स्क्रीनवर चुका दिसत नाहीत. छापून घ्या किंवा निदान थोडा वेळ दुसरं काही करून परत या. हातात पेन घेऊन प्रत्येक आकड्यावर खूण करत जा: हा एक्सेलमध्ये कुठे आहे? पान ३ वरची विक्री आणि पान ९ वरची विक्री एकच आहे का? टक्क्यांची बेरीज १०० येते का, आणि राउंडिंगमुळे येत नसेल तर तशी टीप आहे का? क्लायंटच्या कंपनीचं आणि माणसांचं नाव बरोबर लिहिलंय का?

एक धोका फार कमी जणांना ठाऊक असतो. एक्सेलमधला आलेख पॉवरपॉइंटमध्ये वर्कबुक (पूर्ण एक्सेल फाइल) आत जोडून, म्हणजे एम्बेड करून चिकटवला, तर त्यासोबत अख्खं वर्कबुक जातं, इतर सगळ्या पानांसकट. ज्याला डेक मिळाला तो आलेखावर क्लिक करून सगळ्यांचे पगारसुद्धा बघू शकतो. बाहेर जाणाऱ्या डेकमध्ये आलेख चित्र म्हणून चिकटवा किंवा पीडीएफ पाठवा. लपवलेल्या स्लाइड, स्पीकर नोट्स आणि कॉमेंट्स काढा. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जुन्या क्लायंटचं नाव राहिलं आहे का तेही बघा.

सोपवताना ईमेलमध्ये तीन गोष्टी लिहा: काय झालं आहे, काय बाकी आहे, कोणत्या आकड्याबद्दल खात्री नाही. तिसरी गोष्ट लिहायला संकोच वाटतो, पण मॅनेजरला सर्वांत उपयोगी तीच पडते, कारण वेळ कुठे घालवायचा ते कळतं.

## टप्पा ११: अडकलात किंवा चूक सापडली तर

अर्धा-पाऊण तास स्वतः प्रयत्न करा, मग विचारा. नुसतं ‘जमत नाही’ म्हणू नका. ‘हे दोन मार्ग करून पाहिले, इथे अडलं, मला दुसरा बरा वाटतो, पुढे जाऊ का?’ असं विचारा. डेडलाइन हुकणार असं दिसलं तर ते आदल्या दिवशी सांगा, तेव्हा कुणाची तरी मदत जोडता येते. ऐन वेळी सांगितलं की फक्त सारवासारव उरते.

पाठवलेल्या कामात चूक सापडली तर लगेच फोन करा. सोबत योग्य आकडा ठेवा आणि निष्कर्ष बदलतो का ते सांगा. क्लायंटला थेट दुरुस्त फाइल पाठवू नका, तो निर्णय मॅनेजरचा.

## टप्पा १२: टाइमशीट

टाइमशीट म्हणजे कोणत्या कामाला किती तास दिले याची नोंद. ती रोज संध्याकाळी भरा. शुक्रवारी आठवून भरलेलं टाइमशीट निम्मं काल्पनिक असतं. आणि तास लपवू नका. ६० तास लागलेल्या कामाचे ४० दाखवले, तर पुढच्या प्रोजेक्टचं बजेट ४० वर बांधलं जातं आणि तुमच्यानंतर येणारा नवा माणूस त्यात भरडला जातो. तास जास्त होत असतील तर मॅनेजरशी बोला. फर्म तुमचं युटिलायझेशन बघते, म्हणजे उपलब्ध तासांपैकी क्लायंटला लावता आलेले तास. ४० पैकी ३२ म्हणजे ८० टक्के. अपेक्षा किती आहे ते पहिल्याच महिन्यात विचारून ठेवा.

## टप्पा १३: प्रोजेक्ट संपताना

‘माझं काम कसं वाटलं?’ या प्रश्नावर ‘छान’ एवढंच उत्तर मिळतं. ‘वितरकांच्या मार्जिनच्या कामात मी कोणती एक गोष्ट वेगळी करायला हवी होती?’ असं विचारा, आणि तेही प्रोजेक्ट संपण्याच्या दोन आठवडे आधी, म्हणजे सुधारणा दाखवायला वेळ उरतो. मिळालेलं उत्तर लिहून ठेवा. वर्षअखेरच्या मूल्यमापनात तुमच्या बाजूने बोलणाऱ्याला नेमकी उदाहरणं लागतात, आणि मार्चमधलं काम डिसेंबरात कुणालाच आठवत नाही.

शेवटी आवराआवर: अंतिम फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये, कच्च्या प्रती करारात लिहिल्याप्रमाणे पुसलेल्या, क्लायंटचा लॅपटॉप आणि ओळखपत्र परत, मॉडेलमधली गृहीतकं एका पानावर लिहिलेली. क्लायंटकडच्या ज्या माणसाने महिनाभर डेटा काढून दिला, त्याला आभाराचं पत्र पाठवा आणि त्याच्या साहेबांना त्यात कॉपी करा.